दिव्यांग विद्यार्थी आणि विद्यापीठातील हक्काच्या सोयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत शिकणारे दिव्यांग विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कधी कधी त्यांचे प्राध्यापक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कायदा देशभर एकच असला तरी अर्जाचे नमुने, मुदती आणि कक्षांची नावे प्रत्येक विद्यापीठात वेगळी असतात. त्यामुळे येथील उत्तर वाचल्यावर आपल्या विद्यापीठाचे चालू वर्षाचे परिपत्रकही पाहावे.

१. कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग विद्यार्थी कोण? फक्त अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असलेलेच का?

नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. अल्पदृष्टी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, स्नायूंचे विकार, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा त्यात समावेश आहे. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेलचे विद्यार्थी बरेच आहेत, पण आपण या कायद्याच्या कक्षेत येतो हे त्यांच्यापैकी अनेकांना पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत कोणी सांगितलेले नसते.

कायद्यात दोन पातळ्या आहेत आणि पुढची बहुतेक उत्तरे या फरकावर उभी आहेत. जिची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनिक उणीव दीर्घकालीन आहे आणि जिला वाटेतल्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती ‘दिव्यांग व्यक्ती’ होय. यांपैकी ज्यांचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्यांना ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ म्हणतात. आरक्षण आणि बहुतेक शिष्यवृत्त्या दुसऱ्या गटासाठी आहेत, तर भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयीचा, म्हणजे गरजेनुसार योग्य ते बदल करून मिळण्याचा, हक्क दोन्ही गटांना आहे.

२. प्रमाणपत्र कोठे काढायचे? शाळेत असताना काढलेले चालते का?

केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून तपासणीसाठी रुग्णालय निवडावे लागते. बहुतेक जिल्ह्यांत हे काम जिल्हा रुग्णालयात होते, तर मुंबईत महापालिकेची मोठी रुग्णालये आणि हाजी अली येथील भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था यांसारखी केंद्रे आहेत. तपासणीनंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड, मिळते.

जुने प्रमाणपत्र हाताने लिहिलेले असेल तर ते वैध असले तरी यूडीआयडीसाठी लगेच अर्ज करावा, कारण प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांत आता हाच क्रमांक विचारला जातो. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदत तपासावी. प्रवेशफेरीच्या आठवड्यात मुदत संपलेली लक्षात येणे हे दरवर्षी घडते आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे.

अध्ययन अक्षमतेबाबत एक वेगळा नियम आहे. केंद्राच्या २०१८ च्या मूल्यमापन सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. दहावीत सवलती मिळाल्या म्हणून तेच कागद पदवीला चालतील, असे गृहीत धरू नये.

३. माझे दिव्यांगत्व ३० टक्के आहे. मला काहीच मिळणार नाही का?

आरक्षण मिळणार नाही. परीक्षेत आणि वर्गात सोयी मात्र मिळू शकतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ‘विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या प्रकरणात आला होता. लिहिताना हातात पेटके येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीवर बोट ठेवून लेखनिक, म्हणजे त्याच्या वतीने उत्तरे लिहिणारी व्यक्ती, नाकारण्यात आला होता. ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय लक्षणीय दिव्यांगत्वापुरती मर्यादित ठेवता येत नाही, कारण वाजवी सोय हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

अनेक महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांत अजून जुनीच समजूत आहे. अशा वेळी ‘मला किती टक्के आहे’ यावर वाद घालत बसण्यापेक्षा ‘मला नेमके काय करता येत नाही’ हे सांगणारे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि केंद्राच्या सध्या लागू असलेल्या सूचनांची प्रत अर्जाला जोडावी.

४. प्रवेशात किती जागा राखीव असतात? खासगी महाविद्यालयातही असतात का?

अधिनियमाच्या कलम ३२ नुसार शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत आणि कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट द्यायची आहे. १९९५ च्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होते. कोणत्याही माहितीपुस्तिकेत अजून ‘३ टक्के’ छापलेले दिसले तर ते कालबाह्य समजावे.

विनाअनुदानित खासगी संस्थेवर कलम ३२ थेट बंधनकारक नाही. मात्र कलम १६ हे शासनाने निधी दिलेल्या तसेच मान्यता दिलेल्या संस्थांनाही कवेत घेते. म्हणजे आरक्षण नसले तरी भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत सुगम ठेवणे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करणे या जबाबदाऱ्यांतून त्या संस्था सुटत नाहीत.

५. मला मानसिक आजार आहे. महाविद्यालयाला सांगणे बंधनकारक आहे का?

नाही. आरक्षणाचा किंवा सोयींचा लाभ घ्यायचा नसेल तर काहीही सांगण्याची सक्ती नाही. सोय हवी असेल तर ती ज्या कारणासाठी हवी ते संबंधित अधिकाऱ्याला कळवावे लागते, पण प्रत्येक प्राध्यापकाला निदान कळण्याची गरज नसते. ‘या विद्यार्थ्याला स्वतंत्र खोलीत परीक्षा देण्याची आणि मधे थांबण्याची मुभा आहे’ एवढेच पर्यवेक्षकाला पुरते. आपली कागदपत्रे कोण पाहील हे अर्जातच विचारावे आणि निदानाचा तपशील गोपनीय ठेवण्याची विनंती लेखी करावी. वर्गासमोर नाव पुकारून ‘दिव्यांग विद्यार्थ्यांनी उभे राहा’ असे सांगण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती बंद झाली पाहिजे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर मार्ग प्रश्न १४ मध्ये दिला आहे.

६. सोयींची मागणी कोणाकडे आणि कशी करायची?

महाविद्यालयात दिव्यांग कक्ष किंवा समान संधी कक्ष असेल तर त्याच्या समन्वयकाकडे, नसेल तर प्राचार्यांकडे आणि विद्यापीठाच्या विभागात शिकत असाल तर विभागप्रमुखांकडे मागणी करावी. परीक्षेच्या सोयींसाठी महाविद्यालयामार्फत विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे अर्ज जातो.

अर्ज लेखीच करावा. तोंडी ‘बघू या, होऊन जाईल’ या आश्वासनावर सत्र निघून जाते आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणालाच काही आठवत नाही. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. मागणी जितकी नेमकी, तितकी ती मान्य होणे सोपे जाते. ‘सर्व सवलती मिळाव्यात’ असे लिहिण्याऐवजी ‘प्रश्नपत्रिका १८ पॉइंट आकाराच्या ठळक अक्षरांत मिळावी, खिडकीकडे पाठ असलेली जागा मिळावी, तीन तासांच्या परीक्षेला एक तास जादा मिळावा’ असे लिहावे. सत्र सुरू होताच अर्ज करणे उत्तम, आणि परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत ही त्याची शेवटची मर्यादा मानावी.

७. लेखनिक कोणाला मिळतो?

केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हात बाधित असलेले अस्थिव्यंग आणि मेंदूचा पक्षाघात या तीन प्रकारांत विद्यार्थ्याने मागितल्यास लेखनिक द्यायचा असे ठरले. इतर प्रकारांत विद्यार्थ्याला लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे आणि त्याच्या वतीने कोणीतरी लिहिणे आवश्यक आहे, असे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांचे प्रमाणपत्र विहित नमुन्यात लागते. हे प्रमाणपत्र दिव्यांगत्व प्रमाणपत्रापेक्षा वेगळे असते. ते नसल्यामुळे नाकारल्या जाणाऱ्या अर्जांची संख्या मोठी आहे, म्हणून रुग्णालयात जातानाच नमुन्याची छापील प्रत सोबत न्यावी.

लेखनिकाबरोबरच वाचक आणि प्रयोगशाळा सहाय्यक यांचीही तरतूद आहे. हाताने व्यवस्थित लिहू शकणाऱ्या, पण प्रश्नपत्रिका वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्याने वाचक मागावा. ब्रेल, मोठा टंक किंवा संगणकावर उत्तरे लिहिणे हे पर्यायही मागता येतात. ज्याला पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे सॉफ्टवेअर) असलेला संगणक सहज वापरता येतो, त्याने शक्य असेल तेथे स्वतः टंकलिखित करूनच परीक्षा द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण दुसऱ्याच्या हस्ताक्षरात आणि दुसऱ्याच्या वेगात आपला विचार पूर्ण उतरत नाही. संगणक आधी तपासून घेण्याची संधी मात्र लेखी मागावी.

८. लेखनिक कोण असू शकतो? आणि तो आयत्या वेळी आलाच नाही तर?

२०१८ च्या सूचनांनी विद्यार्थ्याला स्वतःचा लेखनिक आणण्याचा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागण्याचा पर्याय दिला. स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली असावे, असा त्यातील नियम होता. संस्थेने लेखनिक दिल्यास परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून तो योग्य आहे की नाही हे पडताळण्याची संधी विद्यार्थ्याला मिळायला हवी. वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतात, पण एका विषयाला एकच. लेखनिकाच्या शिक्षणाबद्दलचे आणि तो कोणी आणायचा याबद्दलचे नियम बदलत असल्यामुळे त्या वर्षीचे परिपत्रक वाचल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नये.

लेखनिक आजारी पडला किंवा त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवशी आली तर केंद्रप्रमुखांना तत्काळ लेखी कळवून बदली लेखनिक मागावा. आकस्मिक प्रसंगी बदल मान्य करण्याइतकी लवचिकता ठेवणे सूचनांनुसार अपेक्षित आहे. शहरांत महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजना विभाग लेखनिकांच्या याद्या ठेवतात, तालुक्याच्या ठिकाणी मात्र हा शोध विद्यार्थ्याच्या आईवडिलांवर पडतो. लेखनिक पुरवणे ही संस्थेची जबाबदारी आहे, हे पालकांनी संकोच न करता सांगावे.

९. जादा वेळ नेमका किती? अंतर्गत चाचणीलाही मिळतो का?

दर तासाला किमान २० मिनिटे. म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास, अडीच तासांच्या परीक्षेला ५० मिनिटे आणि ४५ मिनिटांच्या चाचणीला १५ मिनिटे. लेखनिक न घेता स्वतः लिहिणाऱ्या, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यालाही तीन तासांच्या परीक्षेला किमान एक तास जादा मिळण्याची तरतूद आहे. ‘लेखनिक घेतला तरच वेळ’ हे उत्तर चुकीचे आहे.

अंतर्गत चाचण्यांना, प्रात्यक्षिकांना आणि वर्गातील लेखी मूल्यमापनालाही हेच तत्त्व लागू करायला हवे, कारण त्यांचे गुण अंतिम निकालात धरले जातात. या परीक्षा विभागच घेत असल्यामुळे विद्यापीठाच्या मंजुरीची प्रत विभागप्रमुखांना वेगळी द्यावी.

१०. मी अंध आहे. ग्रंथालयातली मराठी पुस्तके आणि सरांनी पाठवलेल्या पीडीएफ वाचता येत नाहीत. काय करू?

या प्रश्नाचे उत्तर थोडे तपशिलात देणे भाग आहे, कारण मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची खरी कोंडी येथेच होते. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक मराठी मजकूर वाचून दाखवतो, परंतु तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांसाठीच्या सर्वमान्य संगणकीय संकेतप्रणालीत, असावा लागतो. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या टिपा डोळ्यांना देवनागरी दिसतात, तरी पडदावाचकाला त्यांत रोमन अक्षरांची अर्थहीन जुळणीच सापडते. पानांचे फोटो काढून बनवलेल्या पीडीएफमध्ये तर त्याला वाचण्याजोगे काहीच नसते. पहिल्या प्रकारासाठी फाँट रूपांतरक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो आणि दुसऱ्यासाठी अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअर लागते. जोडाक्षरे आणि जुनी छपाई यांत त्याच्या चुका होतात, म्हणून कोणीतरी एकदा मजकूर तपासून द्यावा लागतो.

हे काम विद्यार्थ्याने एकट्याने करायचे नाही. प्राध्यापकांनी मूळ युनिकोड फाइल द्यावी आणि ग्रंथालयाने स्कॅन करून तपासलेली प्रत द्यावी, अशी मागणी सत्राच्या सुरुवातीलाच करावी. ‘कॉपीराइटचा प्रश्न येईल’ असे उत्तर मिळाले तर २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात आलेल्या कलम ५२ मधील तरतुदीकडे लक्ष वेधावे. दिव्यांग व्यक्तीसाठी सुगम स्वरूपातील प्रत तयार करणे हे त्या तरतुदीनुसार उल्लंघन ठरत नाही. तयार पुस्तकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचे सदस्य व्हावे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र २००३ पासून याच क्षेत्रात काम करत आहे.

११. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी वर्गात काय मागता येते?

पुढच्या बाकावरची जागा, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून न बोलणे, व्याख्यानाच्या टिपा आधी मिळणे, चित्रफितींना मथळे असणे आणि गरज असल्यास सांकेतिक भाषेचा दुभाषी या गोष्टी मागता येतात. प्रशिक्षित दुभाषी कमी आहेत हे खरे आहे, म्हणून दुभाषी रोज मिळत नसेल तरी तोंडी परीक्षा, प्रकल्पाचे सादरीकरण आणि अभिमुखता कार्यक्रम यांसाठी तो आग्रहाने मागावा. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे याबाबत चौकशी करता येते. अभ्यासक्रमात दुसरी आणि तिसरी भाषा सक्तीची असेल तर त्यातून सूट देण्याची तरतूद कलम १७ मध्येच आहे. तोंडी परीक्षेऐवजी लेखी उत्तरांची मुभाही मागावी.

१२. सिकलसेलमुळे वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागते. उपस्थिती कमी भरते. परीक्षेला बसू देतील का?

उपस्थितीच्या अटीतून आपोआप सूट मिळत नाही. मात्र वैद्यकीय कारणासाठी उपस्थिती माफ करण्याचा अधिकार विद्यापीठांच्या नियमांत प्राचार्य किंवा कुलगुरू यांच्याकडे ठरावीक मर्यादेपर्यंत असतो आणि दिव्यांग विद्यार्थ्याच्या बाबतीत तो वाजवी सोयीच्या दृष्टीने वापरला जावा अशी मागणी करता येते. दर वेळी दाखल झाल्यावर रुग्णालयातून घरी सोडल्याच्या कागदाची (डिस्चार्ज कार्डाची) प्रत त्याच आठवड्यात महाविद्यालयात द्यावी. सत्राअखेर साठवून दिलेल्या कागदांकडे संशयाने पाहिले जाते. हुकलेल्या प्रात्यक्षिकांची पर्यायी तारीखही त्याच अर्जात मागावी. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि मानसिक आजार असलेल्यांनाही हेच उत्तर लागू आहे.

१३. विज्ञान किंवा वैद्यकीय शाखेला ‘तुला जमणार नाही’ म्हणून प्रवेश नाकारता येतो का?

केवळ टक्केवारीच्या आधारावर नाही. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या ओंकार गोंड प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने असे ठरवले की, प्रमाणपत्रावरील टक्का जास्त आहे एवढ्यावरून उमेदवार एमबीबीएसला अपात्र ठरत नाही, तर तो हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल की नाही याचे मूल्यमापन दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने सकारण करायला हवे. त्यामुळे नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागावीत. इतर विज्ञान शाखांत प्रयोगशाळा सहाय्यक, कमी उंचीचे टेबल आणि बोलणारी उपकरणे यांच्या आधारे बहुतेक प्रयोग करता येतात.

१४. महाविद्यालयाने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही. तक्रार कोठे करायची?

पहिली पायरी महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते.

याच्या जोडीला दिव्यांगांच्या हक्काचा भंग म्हणून पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधितांनी तीन महिन्यांत कळवायचे असते. आयआयटी मुंबईसारख्या केंद्रीय संस्थेविरुद्धची तक्रार दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाते. परीक्षा तोंडावर असेल तर आयुक्तांकडे अंतरिम आदेश मागावा, आणि तेवढाही वेळ नसेल तर उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो.

तक्रारीआधी एक काम जरूर करावे. नॅक या महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेसाठी महाविद्यालयाने सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर शोधावा. रॅम्प, लिफ्ट, दिव्यांगस्नेही स्वच्छतागृह आणि लेखनिक यांपैकी काय उपलब्ध आहे हे त्यात संस्थेनेच लिहून दिलेले असते. ‘आमच्याकडे ही सोय नाही’ या उत्तराला तोच उतारा जोडता येतो.

१५. वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. लिफ्ट बसेपर्यंत थांबायचे का?

थांबायचे नाही. लिफ्ट बसवायला वर्षे लागतील, पण वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकातील एक बदल पुरतो. सत्र सुरू होण्याआधी तेवढाच बदल लेखी मागावा. परीक्षेची बैठक व्यवस्थाही तळमजल्यावर असावी हे त्याच अर्जात लिहावे. पाठीवर उचलून नेण्याची तयारी मित्र दाखवतात आणि त्यांचा जिव्हाळा खरा असतो, तरीही संस्थेने त्यावर विसंबून राहणे गैर आहे.

१६. कोणत्या शिष्यवृत्त्या आणि प्रवास सवलती आहेत?

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पदविका आणि पदवीच्या तांत्रिक शिक्षणासाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘सक्षम’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची असून त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. संशोधनासाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल किंवा राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. एसटीच्या प्रवासात दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

१७. माझा उजवा हात परीक्षेआधी मोडला. मला लेखनिक मिळेल का?

कायद्याची व्याख्या दीर्घकालीन उणिवेची असल्यामुळे (प्रश्न १) प्लॅस्टरमधला हात दिव्यांगत्वात मोडत नाही आणि त्याचा दाखला यूडीआयडीसाठी चालत नाही. तरीही अनेक विद्यापीठांच्या परीक्षा नियमांत अशा आकस्मिक प्रसंगासाठी स्वतंत्र तरतूद असते. शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि क्ष-किरण अहवाल घेऊन त्याच दिवशी परीक्षा विभागात जावे. दुखापतीचे परिणाम कायम राहिले तर मात्र पुढे प्रश्न २ आणि ७ प्रमाणे रीतसर अर्ज करता येतो.

१८. पदवी एका विद्यापीठातून घेतली, पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात. जुन्या मंजुऱ्या चालतात का?

आपोआप चालत नाहीत, अर्ज नव्याने करावा लागतो. पण आधीच्या विद्यापीठाची मंजुरीपत्रे आणि लेखनिक घेऊन परीक्षा दिल्याच्या नोंदी जपून ठेवल्या असतील तर नव्या ठिकाणी ‘ही सोय खरोखर लागते का’ हा प्रश्न बहुधा उरत नाही. परदेशात शिकायला जाणाऱ्यांनाही याच कागदांचा उपयोग होतो, कारण तेथील दिव्यांग सेवा कार्यालये वैद्यकीय अहवालासोबत पूर्वी मिळालेल्या सोयींचा पुरावा मागतात. महाविद्यालय सोडण्यापूर्वी प्राचार्यांच्या सहीचे, सत्रनिहाय मिळालेल्या सोयी नमूद करणारे पत्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत घ्यावे.